निरोगी खारवाडी

सकाळी साडेआठपासून शाळेच्या पडवीत रांग लागली होती. साडेदहा वाजले तरी त्या रांगेत एकही आजारी माणूस सापडला नव्हता.

सापडणार कुठून? बावीस तरणेबांड गडी, डोक्याला तेल चोपडलेलं, अंगात लग्नकार्यातले सदरे. मागे चौदा बायका, बहुतेक लग्नाच्या वयाच्या पोरी, नवीकोरी लुगडी नेसून आलेल्या. पाय घासूनपुसून असे लख्ख केले होते की त्यावर हळदीकुंकू वाहावं.

डॉक्टर शमीम मुकादम मोरा बंदराच्या. बंदरावरच्या कोळणींची भांडणं ऐकत वाढलेली बाई, मुंबईला शिकून मोठी डॉक्टर झाली. त्यांनी छत्तिसाव्या माणसाचा पाय खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "सीतारामभाऊ, या गावात आजार आहे कुठे?"

"आहे हो डॉक्टरबाई. कालपर्यंत होता!"

मी सरकारी आरोग्यसेवक. हिवतापाच्या गोळ्या वाटत फिरतो म्हणून खारवाडीत मला गोळीवाला भाऊ म्हणतात. अकरा वर्षं या गावचे पाय बघतोय. द्रोणागिरीच्या पायथ्याशी मिठागरं, आणि पौष ते वैशाख अर्धं गाव त्या खाऱ्या पाण्यात घोट्यापर्यंत उभं. आधी टाचेला भेग पडते, मग भेगेची जखम होते. जखमेला मीठ रोज भेटायला येतं, त्यामुळे ती बरी होण्याचं नावच घेत नाही. माझ्याकडे काय? जांभळं औषध. मी लावायचं आणि पाण्याने धुऊन न्यायचं, असा आमचा दोघांचा अकरा वर्षांचा धंदा.

कुणाची जखम भरते, कुणाची का चिघळते, मिठात टिकेल असं मलम कोणतं, या पायांना सोसेल असं पायताण कसलं, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. विचारायलाही पैसा लागतो. डॉक्टरबाईंनी आणि मी दोन वर्षं अर्ज केले. शेवटी दिल्लीच्या एका मंडळाने कबूल केलं, की मुंबईजवळ वसणाऱ्या नव्या शहराच्या हद्दीत एका ठिकाणी चार वर्षं अभ्यास करू. दर आठवड्याला डॉक्टर, औषध फुकट, पायताणांची चाचणी. पण ठिकाण एकच. आमच्यासमोर स्पर्धेला होती नेरूळची एक नवी वसाहत. तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरीने टाइप केलेला अर्ज धाडला होता, सोबत नकाशा आणि फोटो. जिने चढून रहिवाशांचे गुडघे दुखतात, म्हणे. दुखत असतीलच. पण त्या गुडघ्यांना टाइपरायटर होता आणि आमच्या टाचांना मी होतो!

आता मंडळाचे गुप्ते साहेब पाहणीला आले होते. दुपारी दोनची लाँच धरायची म्हणून ते घड्याळाकडे बघत बसले होते. त्यांच्या पुढ्यातल्या कागदावर मी तिरक्या नजरेने वाचलं, 'रोगाचे प्रमाण नगण्य.'

मी तसाच उठलो आणि शिवरामला गाठलं. शिवराम गावचा पंच. रांगेच्या तोंडाशी नवरदेवाच्या बापासारखा उभा होता.

"शिवराम, हे काय केलंत?"

"काय केला?" त्याने छाती पुढे काढली. "बगा भाऊ, निवडून निवडून मानसा आनलीत. यक तरी लंगडा दिसतंय का?"

"अरे, लंगडेच पाहिजे होते!"

"असा कसा? तुमीच कीर्तनात सांगायला लावलात ना?"

मी कपाळावर हात मारला. खरंच होतं. एकादशीला अलिबागकडचे बुवा आले होते. दवंडीने जमतात त्याच्या चौपट माणसं कीर्तनाला जमतात म्हणून मीच त्यांच्या कानात सांगितलं, शनिवारी डॉक्टर येणार आहेत तेवढं उत्तररंगात घाला. बुवांनी घातलं, आणि काय घातलं! चिपळ्या थांबल्या, पेटी धरून राहिली, आणि त्यांनी एका गरीब बाईचं आख्यान लावलं. तिच्या दारी देव पाहुणा होऊन येतो, आणि ती घरातलं फुटकं-तुटकं मागे लपवून एकुलतं एक पितळी ताट त्याच्यापुढे मांडते. "शनिवारी आपल्या दारी असेच पाहुणे येताहेत," बुवा म्हणाले, "जे उत्तम असेल ते त्यांच्यापुढे मांडा!" सगळी सभा गहिवरली. टाळ माझ्याच हातात होते. माझे डोळे भरून आले होते, तेव्हा याचा अर्थ गाव काय घेईल हे मला दिसणार कुठून?

"आन भाऊ," शिवराम आवाज खाली आणून म्हणाला, "गावच्या पायांना जखमा हायत असा सरकारी कागदावर चढला, तर आमच्या पोरी कोन करंल? शेजारच्या गावाला बोलायला आयताच मसाला मिलेल."

"मग ज्यांना जखमा आहेत ते कुठे आहेत?"

"त्यांना आगरावर धाडलंय. हे तपासनीला, मग काम कोन करंल?"

म्हणजे धडधाकट माणसं सुट्टी घेऊन पाय दाखवायला आणि सडलेले पाय मिठाच्या पाण्यात! पांडुरंगा, तुझ्या या लेकरांवर प्रेम करायचं तरी किती?

मी मिठागराकडे पळत सुटलो. बांधावर ऊन असं परतून येत होतं की डोळे उघडे ठेववत नव्हते. खाली तीसेक माणसं, बहुतेक बायका, मीठ ओढत होती. टोपली डोक्यावर घेऊन जाईबाई बांधावर चढत होती. पन्नाशीची बाई. तिच्या डाव्या टाचेची जखम मी आठ महिने बघत होतो. कडा काळ्या पडल्या होत्या. उरणच्या डॉक्टरांनी मागच्या महिन्यात मला स्पष्ट सांगितलं होतं, असंच चाललं तर पाऊल जाईल.

"जाईबाई, टोपली उतरव. शाळेत चल."

"गोलीवाल्या, येड लागलं का तुला? पाव्हन्यांसमोर हे पाय घेऊन जाऊ? शिवराम तोंड फोडंल."

"शिवरामला मी बघतो."

"तू काय बगशील? तुला टाल वाजवायला येतंय."

बायका हसल्या. ऊन, घाम, आणि त्यात ते हसणं. माझा तोल गेला. मी ओरडलोच, "हसा! साहेबाने कागदावर लिहून टाकलंय, खारवाडीत कुणाला काही होत नाही. दोनच्या लाँचने तो कागद जाणार आणि तुमचा डॉक्टर नेरूळला! मग चार वर्षं माझं जांभळं औषध लावा आणि पाय तोडायच्या दिवशी मला आरतीला बोलवा!"

हसणं थांबलं. बोलून गेलो आणि माझीच जीभ मला कडू लागली.

जाईबाईने टोपली खाली ठेवली. "डाक्तर दर हप्त्याला येनार होता? हे शिवराम नाय बोलला."

"त्याला तेवढं ऐकूच आलं नाही. त्याला पोरींची लग्नं ऐकू आली."

तिने मागे वळून आपल्या सुनेकडे पाहिलं. गोजरा, एकोणीस वर्षांची, दुसऱ्याच हंगामाला मिठात उतरलेली. "गोजरा, वर ये. पाय दाव भाऊला."

गोजराने लाजत टाच वळवली. भेग होती, बारीक, लाल. जाईबाईची आठ महिन्यांपूर्वी होती तशीच.

"माजा गेला तर गेला," जाईबाई म्हणाली. "पन हिचा वाचला पायजे. हिचं लगीन झालंय, हिला कोन माघारी धाडतंय? चला गो सगल्या. हाय तशाच चला."

आम्ही शाळेत पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. तीस माणसं ओल्या पायांनी पडवीत शिरली आणि फरशीवर मिठाचे पांढरे ठसे उमटत गेले. शिवरामचा चेहरा पडला. त्याने हात आडवे केले. "ए, कुठं चालल्याव? गावची इज्जत..."

"इज्जत माज्या टाचंतून वाहतंय, सर बाजूला," म्हणत जाईबाई त्याच्या हाताखालून पुढे गेली.

गुप्ते साहेबांनी चष्मा वर केला. "आता शक्य नाही. तपासणीची यादी मी बंद केलीय. शिवाय ही मंडळी ठरलेल्या वेळी हजर नव्हती."

"साहेब," डॉक्टरबाई म्हणाल्या, "जे हजर राहू शकत नाहीत त्यांच्यासाठीच तर हा पैसा आहे ना?"

"नियम आहे."

"नियम मला पाठ आहे. यादीत छत्तीस नावं आहेत, पन्नास हवीत. कलम चार. ती भरल्याशिवाय तुम्हाला सही करता येत नाही. आणि लाँच पाच वाजताही असते, मी याच बंदरावर वाढलेय."

साहेब कागदांत कलम चार शोधू लागले. तेवढ्यात जाईबाई त्यांच्या समोरच्या बाकावर बसली आणि कुणी सांगायच्या आत तिने डावा पाय उचलून सरळ टेबलावर ठेवला. कागदाच्या शेजारी. मी दचकलो.

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली नाही, हे मी त्यांच्या नावे कायम जमा धरीन. ते वाकून बघत राहिले. बराच वेळ. मग विचारलं, "हे किती दिवसांपासून आहे?"

"आठ म्हैने."

"आणि तुम्ही आज कामाला गेला होतात?"

"मंग खानार काय?"

साहेबांनी पेनचं टोपण उघडलं, 'नगण्य' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "नाव सांगा."

पाचच्या लाँचला त्यांना पोचवायला मी मोऱ्यापर्यंत गेलो. तीस जणांपैकी सव्वीस जणांचे पाय आजारी निघाले होते, आणि मिठावरच्या उन्हाने सात जणांचे डोळेही. "शिफारस खारवाडीची करतोय," लाँचमध्ये पाय टाकताना साहेब म्हणाले. "मंडळ मान्य करेल. पण पुढच्या महिन्यात आणखी दोघे येतील, ते सगळं गाव पुन्हा तपासतील. यादी नीट करून ठेवा." जाईबाईला डॉक्टरबाई सोमवारी स्वतः मुंबईच्या इस्पितळात नेणार होत्या. पाऊल वाचेल का विचारलं, तर "बघू" म्हणाल्या. डॉक्टरांच्या 'बघू'त मी देव शोधत परत फिरलो.

वेशीवर शिवराम वाट बघत उभा होता. दिवसभरात त्याचा ताठा पार उतरला होता.

"भाऊ, चुकी झाली. मला वाटला, चांगला दावायचा असतंय."

"होतं असं. चूक माझीही आहे."

"पन आता कालजी करू नका. पुढल्या म्हैन्यात ते दोगं येतील ना, यक पन धडधाकट मानूस त्यांच्या नजरंला पडू देनार नाय. मी सोता पायाला फडका बांधून बसतो. शब्द हाय आपला."

मी त्याच्यापुढे कोपरापासून हात जोडले. "शिवराम, बाबा, तसं नको रे. जसे आहात तसे या. एवढंच."

तो विचारात पडला. थोडा वेळ माझ्याबरोबर चालला. मग थांबून त्याने अगदी मनापासून विचारलं, "म्हंजे नक्की कसे?"