टोबिनच्या खिशातला कागद

रूममेट सत्यजितच्या काकांचा फोन आला तेव्हा अवधूत अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या देशी किराणा दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होता. रविवार होता, सकाळचे दहा वाजले होते. मोबाइलवर नंबर दिसत नव्हता, म्हणजे फोन भारतातूनच असणार.

"अवधूत ना? मी सत्याचा राजीवकाका बोलतोय, नागपूरहून. सत्या आहे का जवळ?"

"नाही काका, तो लॅबमध्ये गेलाय."

"बरं झालं," काका म्हणाले. "दादा गेला रे आज सकाळी. हार्ट. दवाखान्यात न्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही. दुपारी सगळं उरकलं."

अवधूतने हातातली जुडी खाली ठेवली. काकांना त्याच्या बोलण्याची गरज नव्हती, त्यांचं सगळं ठरलेलं होतं. शुक्रवारी सत्याचं ते डिफेन्स का काय ते आहे, पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा. पाच वर्षं पोरगा त्यासाठी झिजलाय. आता कळलं तर तो सगळं टाकून निघेल. व्हिसाचा शिक्का संपलेला, म्हणजे परत जायचं तर पुन्हा मुलाखत, पुन्हा तारीख, आणि शिक्का नाहीच मिळाला तर पाच वर्षं पाण्यात. येऊन तरी काय करणार, बाप काही परत दिसणार नाही. शुक्रवारपर्यंत त्याला कळता कामा नये. वहिनींनीच तसं सांगितलंय. "तू त्याच्याहून मोठा आहेस. सांभाळशील ना?"

"हो काका," अवधूत म्हणाला.

आता त्याने काय म्हणायला हवं होतं हे सांगणारे शहाणे पुष्कळ भेटतील. पण ज्याच्या कानाशी फोन असतो त्याला शहाणपण सुचत नाही, आणि समोरून काका बोलत असले की आपल्या माणसाच्या तोंडून 'हो'च निघतं. शिवाय अवधूतला यात काही जगावेगळंही वाटलं नाही. त्याची स्वतःची आजी त्याच्या बारावीच्या फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या दिवशी गेली आणि त्याला कळलं ते नऊ दिवसांनी, शेवटचा पेपर देऊन आल्यावर. आपल्याकडे पोराची परीक्षा संपेपर्यंत घरात कोणी मरत नाही. मेलं तरी.

त्या दिवशी संध्याकाळी अदिती आली. पुण्याची ही मुलगी सत्यजितच्याच डिपार्टमेंटमध्ये होती आणि रविवारी तिघांनी मिळून खिचडी खायची आणि 'नाइन्थ रिले' बघायची हा तीन वर्षांचा शिरस्ता होता. मालिका मे महिन्यातच संपली होती. नव्याने बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून आता जुनेच भाग पुन्हा लावायचे आणि भांडायचं.

भांडण एकाच गोष्टीवरून होतं. मालिकेतलं यान चार वर्षं पृथ्वीपासून दूर दूर जात असतं आणि घरचे निरोप त्याला मधल्या चौक्यांवरून मिळत राहतात. शेवटच्या भागात नववी, म्हणजे अखेरची चौकी जवळ येते. रेडिओ ऑफिसर टोबिन पाठमोरा उभा असतो, मशीनमधून एक कागद बाहेर येतो. कॅप्टन विचारते, घरून काही आलं का? टोबिन कागद वाचतो, घडी घालतो, खिशात ठेवतो आणि म्हणतो, सगळं ठीक आहे, पुढे चला. पडदा काळा होतो आणि मालिका संपते. त्या कागदावर काय होतं हे शेवटपर्यंत कोणी सांगत नाही.

झालं. इंटरनेटवर मालिकेच्या चाहत्यांचा जो अड्डा होता तिथे सहा महिने रणकंदन चाललेलं. एक तट म्हणायचा कागद कोराच होता. दुसरा म्हणायचा, पृथ्वीच उरली नाही हा निरोप होता आणि टोबिन खोटं बोलला. या दुसऱ्या तटाचा म्होरक्या म्हणजे आमचा सत्यजित. दुसऱ्या वर्षीच्या अकराव्या भागात एक चौकी नष्ट होते तेव्हा आलेल्या कागदाची कड लाल असते; शेवटच्या कागदाची कडही लाल आहे, फक्त ती अर्धा सेकंदच दिसते, हे त्याने एकेक चित्र थांबवून शोधून काढलं होतं. प्रबंधासाठीसुद्धा त्याने इतके डोळे फोडले नसतील.

"लाल असू दे ना," अदिती म्हणाली. "पृथ्वी गेली हे मान्य. पण टोबिनने बरोबरच केलं, यार. पुढे जायचंच आहे तर सांगून काय साधणार होतं? तो दयाळू होता."

"दयाळू?" सत्यजितने ताट खाली ठेवलं. "तिने विचारलंय. तिचं घर आहे ते. त्याला कोणी अधिकार दिला तिच्या वतीने ठरवायचा?"

"अरे, पण ती कोसळली असती."

"कोसळू दे की. तिचा हक्क आहे तो. आता ती हसतेय, जेवतेय, यानावरच्या लोकांशी गप्पा मारतेय, आणि हा बाजूला उभा राहून बघतोय. मला कॅप्टनची दया येत नाही, मला त्या टोबिनचा राग येतो. अवधूत, तू सांग."

अवधूत ओट्यापाशी उभा राहून कांदा चिरत होता. खिचडी झाली होती, कांद्याची कुणालाच गरज नव्हती. "मला काय कळतं त्यातलं," तो म्हणाला आणि आणखी एक कांदा घेतला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याचं कारण विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही.

सोमवार कसाबसा गेला. सत्यजित स्लाइड्स करत होता, अवधूत ऑफिसला जाऊन येत होता. घरी फोन करायचा सत्यजितचा दिवस गुरुवार, सकाळी साडेसातला, कारण तेव्हा नागपुरात संध्याकाळचे सहा होतात आणि बाबा ऑफिसच्या जुन्या मित्रांकडून परतलेले असतात. गुरुवारपर्यंत वेळ आहे, असं अवधूत स्वतःला सांगत राहिला. कशासाठी वेळ आहे ते मात्र त्याला सांगता आलं नसतं.

मंगळवारी सत्यजित गुलाबजामचा डबा घेऊनच घरात शिरला. गाइडने सगळ्या स्लाइड्स पास केल्या होत्या, एकही बदल न सांगता, आणि हे म्हणे डिपार्टमेंटच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. त्याने दोन वाट्या काढल्या आणि स्वतःच्या वाटीत चार गुलाबजाम घेतले.

अवधूतने आपली वाटी तशीच ठेवली. बाप जाऊन तिसरा दिवस. नागपूरच्या घरात आज चूल पेटली नसेल, शेजारून पिठलं-भात येत असेल, आणि एकुलता एक मुलगा इथे पाक चाटून पुसून खातोय. अवधूत काही फार देवाधर्माचा नव्हता. दसऱ्याला लॅपटॉपला कुंकू लावायचा, तेवढंच. पण त्याला वाटलं की आपण या मुलाच्या हातून काहीतरी फार वाईट करवून घेतोय, आणि तो मुलगा आपल्याकडे बघून हसतोय.

"घे ना रे," सत्यजित म्हणाला.

"पोट बरं नाही."

"मग तुझे पण मीच खातो." आणि त्याने खाल्ले.

बुधवारी दुपारी ऑफिसात जेवताना अवधूतने तो चाहत्यांचा अड्डा उघडला. त्याला मालिकेतलं काही वाचायचं नव्हतं, सत्यजितने काय लिहिलंय तेवढं बघायचं होतं. सत्यजितने सोमवारीच लिहिलं होतं, स्लाइड्सच्या मधल्या सुट्टीत, भलं लांबलचक. लाल कडेचा हिशेब होता, कागदाच्या घड्या होत्या आणि शेवटी लिहिलं होतं: कागदावर काय होतं हा मुळात प्रश्नच नाही. टोबिन खिशात कागद ठेवतो तेव्हापासून यानावर कॅप्टन एकटी आहे. तिच्या आसपास माणसं आहेत, पण तिच्याशी खरं बोलणारं कोणी नाही. याहून मोठी शिक्षा मला सुचत नाही.

खाली साठ-सत्तर लोकांनी वाहवा केली होती. अवधूतने डबा न संपवताच बंद केला. काकांना शब्द दिला होता, तो मोडायचा म्हणजे त्या माउलीचा शब्द मोडायचा. पण उद्या सकाळी सत्या फोन करणार, ती उचलणार आणि नवरा जाऊन चार दिवस झालेल्या बाईला आपल्या पोटच्या पोराशी नाटक करावं लागणार. आणि आपण शेजारी बसून चहा पिणार. हे काही आपल्याच्याने व्हायचं नाही, असं त्याने ठरवलं आणि ठरवल्यावर त्याला फार भीती वाटली. तीन वर्षांची मैत्री होती. सख्ख्या भावाशी नव्हतं इतकं त्याचं सत्यजितशी जमायचं.

गुरुवारी सकाळी सातला सत्यजित गॅसपाशी उभा राहून चहात आलं किसत होता.

"सत्या, बस जरा."

"बोल ना, ऐकतोय."

"बाबा गेले." यापेक्षा बरं काही वाक्य त्याने रात्रभर तयार केलं होतं, पण ते आलंच नाही. "रविवारी सकाळी. हार्ट अटॅक होता. काकांचा मला फोन आला होता."

सत्यजितने किसणी खाली ठेवली.  "आज गुरुवार आहे," तो म्हणाला.

"हो."

"अग्नी कोणी दिला?"

"मोहनने." मोहन म्हणजे राजीवकाकांचा मुलगा.

सत्यजितने मान हलवली. "मोहनला भीती वाटते रे अशा गोष्टींची," तो म्हणाला. मग म्हणाला, "परवा मी गुलाबजाम खाल्ले."

"मला माफ कर. आईंनी सांगितलं होतं, उद्यापर्यंत तुला..."

"आईने?"

"हो. काका म्हणाले तसं."

अवधूतला वाटलं होतं तो ओरडेल, कदाचित अंगावर धावून येईल. त्याने तेही पत्करलं असतं.  पण सत्यजित बाथरूममध्ये गेला आणि आतून नळाचा आवाज यायला लागला. गेल्याची बातमी कानावर आली की आधी डोक्यावरून अंघोळ करायची, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. अवधूतने उतू चाललेला चहा बंद केला आणि तिथेच उभा राहिला. इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती.

सत्यजित बाहेर आला तो ओल्या केसांनीच, अंगावर रोजचा जुना शर्ट. टेबलावर बसून त्याने फोन स्पीकरवर टाकला, कारण कॉलिंग कार्डचा लांबलचक नंबर दाबायला दोन्ही हात लागतात.  दोनदा नंबर चुकला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा स्पीकर बंद करायचं त्याला सुचलंच नाही.

"सत्या?" पलीकडून आईचा आवाज आला. तिच्यामागे चार बायका बोलत होत्या, त्या एकदम गप्प झाल्या. "चहा झाला का रे?"

"होतोय."

"तयारी झाली उद्याची?"

"झाली. सर म्हणाले, चांगली झालीय." मग त्याने विचारलं, "बाबा कुठेयत?"

अवधूतला वाटलं, आता हा बोलेल. आई, मला माहीत आहे, म्हणेल. काय अधिकार होता तुम्हाला, म्हणेल. सहा महिने साऱ्या जगाशी ज्याच्यावरून भांडला ते सगळं आता बाहेर येईल, आणि यायलाच हवं होतं.

"फिरायला गेलेत," आई म्हणाली. पाठ केलेलं वाक्य होतं, एका दमात म्हटलेलं. पण शेवटच्या अक्षराशी आवाज जरा हलला आणि तिने तो घट्ट धरला. चार दिवस ती याच एका वाक्याच्या आधारावर उभी होती, हे अवधूतलासुद्धा कळलं.

सत्यजितने डोळे मिटून घेतले. 

"थंडी पडली असेल ना तिकडे?" तो म्हणाला. "मफलर घेतलाय ना त्यांनी?"

"घेतलाय रे. मीच दिला गुंडाळून."

"मग ठीक आहे." त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि आवाज अगदी रोजचा होता. "सावकाश येऊ देत. मी उद्या संपलं की करतो फोन. मग बोलू आपण."

"हो. नीट बोल हं उद्या. घाबरू नकोस."

"नाही घाबरत. तू जेवत जा वेळेवर."

"ठेवू मग?"

"ठेव."

पण तिने ठेवला नाही आणि यानेही नाही.  मुलगा आज बापाशी बोलायचा हट्ट न धरता फोन ठेवायला तयार झाला होता. आजवर कधी झाला नव्हता.

"सत्या," आई हळूच म्हणाली, "अंघोळ केलीस का रे?"

सत्यजितने टेबलावर डोकं टेकलं.

"हो, आई," तो म्हणाला. "आत्ताच केली. डोक्यावरून."

आणि मग चार दिवसांत पहिल्यांदा ती बाई मोठ्याने रडली.