दुसऱ्या गाडीचा नंबर

वाटूर फाट्यावर तीस वर्षं झाली मी ट्रकांवर नंबर लिहितो आहे, आणि या तीस वर्षांत एक काम मी कधी केलं नव्हतं, ते म्हणजे एका गाडीचा नंबर दुसऱ्या गाडीवर लिहिणं. तशी गिऱ्हाइकं येतात. गाडी लांब लिंबाखाली उभी करतात, कागद दाखवत नाहीत आणि आधी चहा पाजतात. मी चहा पितो आणि सांगतो, बाबा, पुढं जा, पुढं पुष्कळ पेंटर आहेत. पुढं एकही नाही, पण ते त्यांचं त्यांनी बघावं.

मग जगन्नाथ सर आले. सर इथल्याच शाळेत इतिहास शिकवून दहा वर्षांमागं रिटायर झाले. मी त्यांच्या हाताखाली दोनदा नापास झालेला आहे, तरी त्यांना नाही म्हणायची माझी छाती नाही. शाळेच्या फाटकाजवळ सिमेंटच्या ओट्यावर एक जुनं लढाऊ विमान आणून ठेवलं होतं, चंदेरी रंगाचं, ठिकठिकाणी पापुद्रे सुटलेलं. सरांना ते एकाहत्तरच्या लढाईत जसं होतं तसं रंगवून हवं होतं, सव्वीस जानेवारीच्या आत, आणि त्याच्यावर नंबर लिहून हवा होता तीनशे सत्तावीस.

तो नंबर त्यांच्या थोरल्या भावाच्या विमानाचा. वसंता दादा लढाईत गेले ते आलेच नाहीत, विमान सापडलं नाही आणि माणूसही नाही. सर तेव्हा नववीत होते. एवढ्या वर्षांत मी सरांना कधी हसताना पाहिलं नव्हतं, आणि गावात त्याचं कोणाला नवलही वाटत नव्हतं. त्यांच्याजवळ प्लास्टिकच्या पाकिटात एक फोटो होता. पंखाखाली दोन तरणे अधिकारी उभे, डावीकडं वसंता दादा, उजवीकडं त्यांचे मित्र रामप्रसाद साहेब. रामप्रसाद साहेब त्याच दिवशी उडाले आणि सुखरूप परत आले. शाळेत आलेलं विमान त्यांचंच, नंबर तीनशे अठरा. आता ते पुण्याला होते, ऐंशीला टेकलेले, आणि खटपट करून विमान इथवर आणलं होतं त्यांनीच.

"सर, हे तर दुसऱ्या गाडीचा नंबर लिहिणं झालं," मी म्हणालो.

"भुजंगा, ही गाडी काय रस्त्यावर धावणार आहे?"

ते बरोबर होतं. मी हसलो आणि काम घेतलं. चुकलं ते इथंच.

काम बारा दिवस चाललं. फोटो काळा-पांढरा, त्यात रंग दिसायचा कसा, म्हणून रामप्रसाद साहेबांना फोन लावायचा. मी विचारलं, हिरवा कसला, तर म्हणाले, "भुजंगराव, ज्वारी पोटरीत येते ना, तिच्या पानाची उलटी बाजू बघा. हे मला वसंतानं सांगितलं होतं, मी कधी ज्वारीच्या रानात गेलेलो नाही." मी रानात जाऊन पान उलटं करून पाहिलं, आणि रंग तंतोतंत तोच. माझा हात ट्रकाचा, त्याला आकड्याच्या कडेनं पांढरी रेघ ओढल्याशिवाय चैन पडत नाही. नमुन्याच्या पत्र्यावर मी तशी ओढली, तर व्हिडिओवर बघून साहेब म्हणाले, "लग्नाची वरात न्यायची आहे का याच्यातून?" माणूस मला फार आवडला. माझ्या बायकोशी, मीनाशी, ते ठेच्यावर अर्धा अर्धा तास बोलायचे.

चंदेरी थर निघाल्यावर खालून जुना तीनशे अठरा वर आला, काळा, ठसठशीत, कोण्या चांगल्या हाताचा. आधीचा नंबर मुळापासून काढल्याशिवाय नवा लिहायचा नाही, ही आमची रीत. मी पॉलिश पेपर घेऊन बसलो. पहिले दोन आकडे गेले त्या दिवशी साहेबांचा आवाज फोनवर खोल गेल्यासारखा वाटला. मी म्हटलं, रेंज नसेल. शेवटचा आठ गेला तेव्हा त्यांनी आपणहून फोन केला.

"निघाला का सगळा?"

"निघाला साहेब. जागा बिलकुल कोरी."

"कोरी," ते म्हणाले. "मग आता उशीर करू नका. त्याचा लिहून टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीनशे सत्तावीस लिहिला. दुपारी सर आले, लांबूनच बघत उभे राहिले आणि हसले. मी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले.

"दादा खूश होईल," ते म्हणाले.

गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतातच, म्हणून मी म्हणालो, "साहेबांना फोटो धाडा."

"कोणत्या साहेबांना?"

"रामप्रसाद साहेबांना. पुण्याच्या."

सरांनी माझ्याकडं काळजीनं पाहिलं. "भुजंगा, त्यांना जाऊन चोपन्न वर्षं झाली. दादाचे मित्र होते ते. विमानासकट गेले, सापडले न्हाईत."

"मंग फोनवर माझ्याशी कोण बोलायचं?"

"दादा. दुसरं कोण बोलणार?"

मी मोबाइल काढला. त्यात नाव होतं, वसंता साहेब पुणे. घरी येऊन मीनाला विचारलं, तर ती म्हणाली, "असं काय करून राह्यले? वसंता साहेबांनीच तर ठेच्याचं विचारलं मला. रामप्रसाद कोण?"

मी घाबरलो, हे सांगायला लाज कसली. आणि दुसरंही सांगतो, मला बरं वाटलं. सर रस्त्यानं ताठ चालायला लागले होते, पुण्याच्या भावजयीबद्दल, पुतण्यांबद्दल बोलत होते, आणि हे सगळं जणू पहिल्यापासूनच होतं. पण मला भुजंगराव म्हणणारा एक भला म्हातारा मी पॉलिश पेपरनं घासून काढला होता, आणि त्याच्यासाठी रडायला जगात मी एकटाच उरलो होतो.

पंचवीस तारखेला दुपारी वसंता साहेब आले. उंच, पांढराशुभ्र सदरा, हातात काठी. सरांनी त्यांचा दुसरा हात धरला होता, जत्रेत लहान पोर धरतं तसा. साहेबांनी विमानाभोवती एक चक्कर मारली आणि नंबरापाशी थांबले.

"हा माझा का लिहिला?"

"दादा, तूच तर सांगितलं."

"मी रामप्रसादचा म्हणलो होतो. मी तर घरी आल्तो जगन्नाथ. घरी आलेल्याचं काय उभं करायचं?"

सर खाली मान घालून म्हणाले, "मंग बदलू. भुजंगा, संध्याकाळपर्यंत होईल ना?"

"न्हाई होणार," मी म्हणालो. "साहेब, हात जोडतो, राहू द्या. एका गाडीचा नंबर मी दुसऱ्या गाडीवर लिहीत न्हाई."

"आणि आता काय लिहिलंय?" साहेब म्हणाले. ते रागावलेले नव्हते. त्यांनी वाकून माझ्या बादलीतला पॉलिश पेपर उचलला. "पहिला हात मीच मारतो."

मी त्यांचं मनगट धरलं. चांगलं ऊन, जिवंत मनगट, नाडी लागत होती. सरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू ते म्हणाले, "चोपन्न वर्षं मिळाली मला, भुजंगराव. बक्कळ झाली. सोडा."

मी सोडलं. का सोडलं, हे मी मीनालाही सांगू शकलेलो नाही.

सरांनी कौतुकानं मोबाइल वर धरला. "दादा, इकडं बघ," ते म्हणाले. साहेबांनी बघितलं नाही, ते सावकाश, एकाच दिशेनं घासत होते, आणि काळी भुकटी त्यांच्या पांढऱ्या बाहीवर पडत होती. तीन गेला. दोन गेला. सात अर्धा झाला तेव्हा मला तिकडं बघवेना, म्हणून मी सरांकडं तोंड फिरवलं. त्यांचा हात तसाच वर होता, तोंडावर हसू तसंच होतं, फक्त डोळे पडद्यावर काहीतरी शोधायला लागले होते.

"भुजंगा," सर म्हणाले, "मी फोटो कोणाचा काढून राह्यलो?"