सतरा नंबरची दहा शून्यं

"फोन लावलास की आधी विचारून घे, खोलीत आणखी कोण आहे."

आमच्या गाईड मॅडमनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं होतं, चहाच्या कपावर बशी झाकता झाकता. मी ते कानाआड केलं. विसरले असं नाही, चांगला वाद घातला. म्हटलं, मॅडम, प्रश्नावली प्रमाणित आहे, दहाच्या दहा प्रश्न सगळ्यांना त्याच शब्दांत, त्याच क्रमाने विचारायचे, हे तुम्हीच वर्गात शिकवलंत. त्या म्हणाल्या, शिकवलं खरं, म्हणून तर प्रश्नावलीच्या आधी विचार म्हणतेय, मधे घुसड म्हणत नाहीये. आणि मग, "फॉर्म बाईपेक्षा मोठा होऊ देऊ नकोस गं."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, तीस वर्षं वॉर्डात काढलेली माणसं, त्यांना पद्धतशास्त्राचं काय.

खरं कारण वेगळं होतं. फोनवर काय काय बोलायचं तो मजकूर संशोधन तपासणाऱ्या नीतिसमितीने शब्दन् शब्द मंजूर केला होता. त्यात एक ओळ वाढवायची तर पुन्हा अर्ज, पुन्हा बैठक, दोन महिने जाणार. माझ्याकडे दोन महिने नव्हते. माझ्याकडे पाच महिन्यांची लेक होती.

मी बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स. सहा वर्षं दुसऱ्यांची बाळं धुतली-पुसली, मग स्वतः बाळंतीण झाले, आणि रजा संपते न संपते तोच पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं शेवटचं वर्ष दारात येऊन उभं राहिलं. प्रबंधाचा विषय मीच निवडला होता: घरी गेलेल्या बाळंतिणीच्या मनःस्थितीवर घरच्या आधाराचा होणारा परिणाम. साठ बायका. वॉर्डातून घरी जायच्या आधी संमतीपत्रावर सही, सहाव्या आठवड्यात एक फोन, बाराव्या आठवड्यात दुसरा. दर उत्तराला शून्य ते तीन गुण. गुण जितके जास्त तितकं मन जड. बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की त्या बाईला डॉक्टरांकडे पाठवायचं, हे नियमातच होतं.

प्रबंधाला सैद्धांतिक चौकट लागते. म्हणजे आपण कोणत्या खिडकीतून बघतोय ते आधीच कागदावर कबूल करायचं. माझी चौकट एका पानात मावत होती. मधोमध आई. भोवती चौकोन: नवरा, सासर, माहेर, शेजार, नर्स. प्रत्येक चौकोनातून एक बाण आईकडे. घरात माणसं जास्त तर बाण जास्त, बाण जास्त तर आईचं मन हलकं. हेच माझं गृहीतक. ते पान मी रंगीत छापून टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलं होतं.

नवऱ्याने ते बघितलं. तो धरणाच्या कामावर असतो, दर दुसऱ्या शनिवारी घरी येतो. म्हणाला, "यातला एक बाण पंधरा दिवसांनी एकदा पोचतो, हे लिहिलंयस का?" आम्ही दोघंही हसलो. सोमवारी तो गेला आणि मी लेकीला खांद्यावर थोपटत त्या पानासमोर उभी राहिले. आईचे गुडघे गेलेले, ती दुसऱ्या गावात, रोज फोन करते आणि रोज नातीबद्दलच विचारते. सासू-सासरे नाहीत. शेजारचं दार बहुतेक बंद. माझ्याकडे येणारे बाण मोजायला एक हात पुरला असता, तो मोकळा असता तर.

प्रश्नावलीला किती वेळ लागतो ते बघायला पहिला फॉर्म मी स्वतःचाच भरला होता. चार मिनिटं लागली. बेरीज केली नाही. संशोधकाने नमुन्यात यायचं नसतं, असं स्वतःला सांगून तो कागद बारीक फाडला.

फोन मी लेक झोपली की करायचे. झोपली म्हणजे काय, तर दर दहा मिनिटांनी उठून तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास लागतोय ना ते बघायचं, आणि मधल्या वेळात पुढचा नंबर फिरवायचा. साठ बायकांशी बोलत होते, तरी दिवसभरात माझ्याशी कुणी बोललं असं होत नसे. मी विचारायचे, त्या उत्तर द्यायच्या, मी आकड्याला गोल करायचे. नवरा म्हणायचा, साठ मैत्रिणी जमवल्यास आणि माझ्यासाठी पाच मिनिटं नाहीत. त्याला काय सांगू, मैत्रिणीला कुणी नंबराने ओळखत नाही.

सतरा नंबर मला आठवत होती, कारण संमतीपत्र पूर्ण वाचणारी ती एकटीच. दोन्ही पानं, बाळ मांडीवर घेऊन, ओठ हलवत. वाचून झाल्यावर तिने विचारलं, यात माझं नाव कुठेच येणार नाही ना? मी म्हटलं, तुम्ही कोण, कुठल्या, काहीच येणार नाही, फक्त नंबर. तिने सही केली. घरात एकूण आठ माणसं असल्याचं तिने सांगितलं, म्हणून आधाराच्या रकान्यात तिला सगळ्यांत वरचा गुण मिळाला.

सहाव्या आठवड्यात फोन लावला. मागे भांड्यांचा, टीव्हीचा, माणसांचा आवाज. भरलेलं घर, मी समाधानाने नोंदलं. मी प्रश्न वाचत गेले आणि ती उत्तरं देत गेली. वाईट वाटतं का, नाही. विनाकारण भीती वाटते का, नाही. रडू येतं का, नाही. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तिथे थोडी शांतता झाली, मागचा टीव्ही कुणीतरी बारीक केल्यासारखं वाटलं, आणि ती म्हणाली, नाही. दहाच्या दहा शून्यं. साठ जणींत असा फॉर्म दुसरा नव्हता. कागदावर ती सगळ्यांत सुखी बाई होती, आणि माझं गृहीतक तिच्या खांद्यावर ऐटीत बसलं होतं.

फोन ठेवायच्या आत माझी लेक उठून रडायला लागली.

"ताई, तुमचं पण लहान आहे?" तिने विचारलं.

आम्हाला शिकवलेलं असतं की संशोधकाने स्वतःबद्दल बोलायचं नाही, समोरच्याची उत्तरं त्याने झुकतात. प्रश्न तर संपले होते. पण बाराव्या आठवड्याचा फोन बाकी होता, आणि मी शिस्तीची विद्यार्थिनी.

मी म्हटलं, "आपली माहिती नोंदवली आहे. सहकार्याबद्दल आभार."

ती म्हणाली, "असू दे. घ्या बाळाला."

मी लेकीला घेतलं. तिला घेऊन खिडकीशी उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं, त्या आठवड्यात नवरा आणि आई सोडून मला कुणी काही विचारलं असेल तर ते हिनेच.

बाराव्या आठवड्यात तिचा फोन कुणी उचलला नाही. मंजूर नियमाप्रमाणे दोनदा प्रयत्न करायचा, तिसरा केला तर तो त्रास देणं ठरतं. दोन्हीदा घंटा वाजून वाजून थांबली. मी रकान्यात लिहिलं, संपर्क झाला नाही. तिच्यासारख्या आणखी पाच होत्या. संख्याशास्त्राचे सर म्हणाले, साठात सहा म्हणजे दहा टक्के गळती, चालते, कुणी विचारणारसुद्धा नाही.

नळाची गळती असते, छपराची असते. माणसांची गळती म्हणतात हे मला तोवर खटकलं नव्हतं. आता ते सतरा नंबरावर येऊन अडकलं. लेकीला भरवताना, कपडे वाळत घालताना मला ती दहाव्या प्रश्नानंतरची शांतता ऐकू यायची. मी स्वतःला म्हणायचे, तुझा स्वभावच घाबरट, झोपलेल्या बाळाचे श्वास मोजणारी तू. पण वॉर्डात सहा वर्षं काढलीत मी. दिवसाच्या तिन्ही फेऱ्यांना सगळं ठीक म्हणणाऱ्या पेशंटची चादर आम्ही आधी उचलून बघतो, रक्त तर जात नाही ना. फोनवर मला चादर उचलायचं सुचलं नाही, कारण ते मंजूर मजकुरात नव्हतं.

शेवटी मॅडमना सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, मी बजावलं होतं. त्या तसं काही बोलल्या नाहीत. विचारलं, बेरीज किती? शून्य, मी म्हटलं. आणि तिथेच सगळं अडत होतं. गुण जास्त असते तर तिच्या घरी जायला नियम होता. शून्य गुणांच्या बाईकडे जायला कुठलाच नियम नव्हता.

मॅडमनी टेबलावरचे कागद सारखे केले. "संशोधक म्हणून तुला जाता येणार नाही," त्या म्हणाल्या. "वॉर्डची नर्स म्हणून गेलीस तर तुला कोण अडवणार? आणि काय घडलं ते सगळं प्रबंधातल्या मर्यादांच्या प्रकरणात लिहायचं. एका ओळीत नाही. पान लागलं तर पान."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी लेकीला पोटाशी बांधलं आणि गेले. तिसरा मजला, दाराबाहेर चपलांची रांग. दार सासूने उघडलं. मी मनात तिचं एक रूप तयार करून नेलं होतं, करडं, कजाग. ही तर हसरी, हाताला पीठ लागलेली बाई. माझ्या लेकीला बघून म्हणाली, "अगंबाई, सिस्टर, तुमची ही? या, आत या, उन्हातून आलात."

पाणी दिलं, लेकीला स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि सांगायला लागली. सून इथे नाही. मुलाला दुसऱ्या गावी नोकरी लागली, महिना झाला, तिघं तिकडेच गेली. फोन उचलला गेला नाही कारण तो नंबर सासूचाच, आणि तिला अनोळखी नंबर उचलायची भीती वाटते. सुनेचा स्वतःचा फोन नव्हताच. माझ्या पहिल्या फोनच्या दिवशी सुनेनेच सासूचा फोन उचलला आणि स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला होता, तिचे हात बाळात गुंतलेले ना.

"आम्ही सगळेच ऐकत होतो," ती कौतुकाने म्हणाली. "किती बारीकसारीक विचारता हो तुम्ही. शेवटचं मात्र फारच अभद्र. ती गप्प झाली तेव्हा मीच खूण केली, नाही म्हण म्हणून."

मी विचारलं, का गप्प झाली होती?

सासूने लेकीच्या टाळूवरून हात फिरवला. "लाजाळू आहे हो ती. आठ जणांचं करायची, पण तोंडातून शब्द नाही." जरा वेळाने, आठवलं म्हणून सांगितल्यासारखं, "फोन झाल्यावर बराच वेळ ओट्याशीच उभी होती. मग विचारते कशी, त्या ताई परत कधी करणार? म्हटलं, त्यांना काय तू एकटीच आहेस?"

आठ जणांचं करायची. माझ्या भिंतीवरच्या पानावर सगळे बाण तिच्याकडे जात होते. तिच्याकडून निघणारा एकही मी काढला नव्हता.

सासूने मुलाचा नंबर दिला. मी जिन्यातूनच लावला. तो सभ्यपणे बोलला, मी कोण ते विचारलं, म्हणाला, ती बरी आहे मॅडम, आता मी कामावर आहे, संध्याकाळी बोलणं करून देतो. संध्याकाळी म्हणाला, आत्ताच झोपली. दोन दिवसांनी म्हणाला, बाळाला घेऊन बसलीय, बरी आहे. चौथ्यांदा त्याच्या आवाजात कंटाळा आला आणि तो म्हणाला, काही असलं तर आम्हीच करू. ती दिवसभर कुणाबरोबर असते, मी विचारलं. तो गोंधळला. "बाळाबरोबर," म्हणाला. त्यानंतर तो माझा फोन उचलत नाही.

मर्यादांचं प्रकरण मी लिहिलं. पावणेदोन पानं झाली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती वाचली, प्रामाणिक लिहिलंय म्हणाले आणि पुढच्या प्रकरणाकडे वळले. मी पास झाले. घरी आले, कुलूप उघडलं, लेकीला जमिनीवर सोडलं, ती रांगत टेबलाखाली गेली. सांगायला कुणी नव्हतं म्हणून तिलाच सांगितलं.

सतरा नंबर कशी आहे, मला माहीत नाही. तिच्या नव्या गावाचं नाव मला ठाऊक आहे, पण मी तिला शब्द दिलाय, म्हणून ते इथे लिहीत नाही. त्यामुळे ते तुमचंही गाव असू शकतं. तुमच्या जिन्यात किंवा गल्लीत दोन-तीन महिन्यांपूर्वी एखादं छोटं बिऱ्हाड आलं असेल, नवरा सकाळी लवकर जात असेल, आणि तान्ह्या बाळाचे कपडे वाळत असतील पण आईचा आवाज कधी ऐकू येत नसेल, तर एकदा दार वाजवा. दुपारी जा, तो घरी नसताना. बाळाचं विचाराल तर ती सगळं नीट सांगेल. नंतर तिचं विचारा, आणि ती ठीक आहे म्हणाली की लगेच उठू नका, थोडा वेळ बसा.