न्हाणीघरातली बाई

ज्या न्हाणीघरात आजवर माणसं साबणाची वडी शोधायला जात होती, त्याच्या दाराशी त्या सकाळी अख्खी गल्ली हात जोडून उभी होती. मागच्यांना दिसत नव्हतं म्हणून कोणी बादली पालथी घालून तिच्यावर चढलं होतं. अंगणात चटईवर भाडेकरूची बायको निपचित पडली होती, आणि आत फुंकरबाबा भिंतींशी भांडत होते.

"बाई जुनी आहे!" आतून आवाज घुमला. "पाण्यात राहते, वाफेतून निघते, आरशातून बघते! पहिली फुंकर पाताळाला, दुसरी आकाशाला. तिसरी कोणाला, ते सांगत नाही. ऐकणाऱ्याला झेपायचं नाही!"

घरमालकीण काकू गर्दीतून वाट काढत दाराशी पोचल्या. त्या आल्या होत्या गळक्या नळासाठी. हातातल्या पिशवीत पाना, दोन-चार वॉशर आणि टेपचं रीळ होतं. यजमान गेल्यापासून या घराची सगळी डागडुजी त्याच बघत. घर त्यांच्या डोळ्यांदेखत पायापासून बांधलेलं, तेव्हा ही जुनी बाई नेमकी कोणत्या वर्षी राहायला आली, असं विचारावंसं त्यांना फार वाटलं. पण चटईवरच्या पोरीकडे बघून त्यांनी तो विचार बाजूला ठेवला.

पोरीचे हाल महिनाभर चालले होते. सकाळी डोकं ठणकायचं, मळमळायचं, बोलता बोलता ती भलतंच काही बरळायची. न्हाणीघरातल्या आरशात मागे एक बाई उभी असते, असं तिनेच एकदा घाबरून सासूला सांगितलं. तेवढं निमित्त पुरलं. सासू गल्लीत फेरी मारणाऱ्या बाबांचा सल्ला घेऊ लागली. आज तर ती आतच कोसळली. नवऱ्याने उचलून तिला बाहेर अंगणात आणलं आणि सासूने बाबांना बोलावणं धाडलं.

बाबा आत गरागरा फिरले, घंटी वाजवली, एक हात पाण्याच्या टाकीमागे घातला, दुसरा वर केला आणि तिसरी फुंकर सोडली. थोड्याच वेळात चटईवरच्या पोरीने डोळे उघडले.

"पाणी," ती म्हणाली.

गर्दीतून हुंदका फुटल्यासारखा आवाज आला. एक म्हातारा तर न्हाणीघराच्या उंबऱ्यावर डोकं टेकवून मोकळा झाला.

बाबांनी बाहेर येऊन फर्मान काढलं. "पुढच्या अमावास्येपर्यंत हिने गरम पाण्याला शिवायचं नाही. अंगणातल्या नळावर गार पाण्याने आंघोळ. आणि पुन्हा बाई आली, तर ध्यानात ठेवा, तिची नजर या लेकरावर आहे."

लेकरू म्हणजे पोरीची तीन वर्षांची मुलगी. सासूने तिला पोटाशी घट्ट धरलं. "पुन्हा असं झालं तर हिला माहेरी पाठवून देऊ. नात मात्र इथेच राहील. झपाटलेल्या बाईच्या हाती मी पोर देणार नाही."

मुलीची आई हे सगळं चटईवरून ऐकत होती. तिच्यात उठून बसायचंही त्राण नव्हतं.

आता खरी गंमत अशी, की बाबांचा उपाय लागू पडला. गार पाण्याच्या आंघोळीने सून खडखडीत बरी झाली. डोकं थांबलं, बरळणं थांबलं, ती पुन्हा हसूबिसू लागली. गल्लीत बाबांचा डंका वाजला. "आता बोला!" असं काकूंना येता-जाता ऐकवलं जाऊ लागलं. त्यांना एवढंच खटकत होतं, की बाबांचा तो हात टाकीमागे इतका सरळ कसा गेला.

अमावास्या उलटली. पोरीने हौसेने गरम पाणी काढलं, आणि त्याच सकाळी ती पुन्हा आत पडली.

या वेळी नवऱ्याने तिला अंगणात आणून ठेवलं आणि तो धावत काकूंकडे आला. काकूंनी बाबांची वाट पाहिली नाही, चौकातल्या डॉक्टरीणबाईंना हाताला धरून आणलं. डॉक्टरीणबाईंनी प्राणवायूची नळी लावली, लगेच रक्त काढून तपासायला पाठवलं आणि मग चौकशी सुरू केली.

"बाकीच्यांना काही होत नाही?"

"माझं डोकं जड असतं," सासू म्हणाली, "पण ते वयाने."

"आंघोळीला सगळ्यांत जास्त वेळ कोण असतं आत?"

"हीच. शेवटी जाते, मग गरम पाण्यात सगळ्यांचे कपडे धुते. दार लावून. पोरगी ओल्यात येते ना."

"गीझर गॅसचा? आणि खिडकी?"

काकूंनी वळून न्हाणीघराच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीला पूर्वी झडपा होत्या. थंडीत वारं येतं अशी सासूची तक्रार आली, तेव्हा काकूंनी सुतार बोलावून झडपा काढल्या आणि एकसंध काच बसवून घेतली. कडेने बोटभर पुट्टीसुद्धा. भाडेकरूची इतकी काळजी घेणारी मालकीण शोधून सापडणार नाही, असं त्या दिवशी त्या स्वतःवरच खूश होत म्हणाल्या होत्या.

घरी जाऊन त्यांनी जेवणाचं ताट तसंच सरकवून दिलं. एक विचार मनात येऊन बसला होता आणि हलत नव्हता. दोष भुताचा ठरला, तर मालकाला कोणी काही विचारणार नाही. बाबा काय ते बघून घेतील, घराचं नाव चार दिवस खराब होईल, पुन्हा भाडेकरू मिळेल. फक्त एका आईची मुलगी तिच्यापासून तुटेल. काकूंना स्वतःची इतकी शरम वाटली, की त्या तशाच उठल्या आणि गीझर घेतला होता त्या दुकानात गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गर्दी जमली. अंगणात सुनेचं सामान बांधून ठेवलेलं होतं, आणि मुलगी आजीच्या कडेवरून आईकडे झेपावत होती. बाबा आत शिरायला निघाले तशा काकू आडव्या आल्या.

"बाबा, एक विनंती आहे. आत बसा. मी गीझर चालू करते, बाहेरून दार ओढून घेते. कपडे धुवायला लागतो तेवढा वेळ बसून त्या बाईची नीट समजूत घाला."

"माई, मला उष्णता वर्ज्य आहे."

"आंघोळ नका करू. कोपऱ्यात कोरडे बसा. पाणी वाहू दे, गीझर जळू दे."

बाबा जागचे हलले नाहीत.

"जा की बाबा," बादलीवरून कोणीतरी म्हणालं. "तुम्हाला काय भीती?"

"बाई खवळेल!"

"बाई नाही, वायू," काकू म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक आहे तो. मागच्या वेळी तुमचा हात न बघता टाकीमागच्या, गॅस बंद करायच्या कळीवर गेला. लहान पोरांचा हात पोचू नये म्हणून मीच ती आडोशाला बसवून घेतली होती. या भाडेकरूलासुद्धा ती दाखवावी लागली. तुम्हाला कोणी दाखवली?"

"दिव्यदृष्टीने दिसली!"

"दिव्यदृष्टीने नाही, पान्याने. तुम्हीच ती बसवलीत. तेव्हा दाढी नव्हती, म्हणून मी ओळखलं नाही. काल दुकानदाराला विचारलं, तर त्याने लगेच ओळखलं. त्याने कामावरून काढल्यावर, स्वतः गीझर बसवलेल्या घरांवरूनच तुम्ही फेऱ्या मारता. खिडकी बुजलेली दिसली आणि घरात कोणी आजारी आहे असं कळलं, की घंटी घेऊन हजर. आधी गुपचूप गॅस बंद करायचा, मग फुंकर मारायची. पथ्य संपलं की माणूस पुन्हा आजारी आणि तुम्हाला पुन्हा आमंत्रण."

डॉक्टरीणबाई पुढे आल्या. "रक्तात तोच वायू सापडलाय. कार्बन मोनॉक्साइड. कोंदट जागेत गॅस नीट जळला नाही की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, भास होतात, शुद्ध जाते, आणि वेळेत बाहेर काढलं नाही तर माणूस मरतो. मागच्या वेळी हिला मोकळ्या हवेने जागं केलं, कोणाच्या फुंकरीने नाही."

"आमच्याकडेही यानेच बसवलाय," गर्दीतला एक जण पांढराफटक पडून म्हणाला. "आई सकाळपासून डोकं धरून..." वाक्य अर्धवट टाकून तो पळत सुटला. त्याच्यामागे आणखी दोघं गेले. त्या धांदलीत बाबाही सटकू लागले, पण बादलीवरच्या माणसाने खाली उतरून त्यांचं मनगट धरलं.

"पण खिडकी कोणी बुजवली?" भाडेकरूने विचारलं.

"मी," काकू म्हणाल्या. "वारं येऊ नये म्हणून. आत गीझर आहे, हा विचारच केला नाही. घर माझं, तेव्हा तो विचार मीच करायला हवा होता."

"म्हणजे माझी बायको तुमच्या काचेने मरत होती?"

"हो."

त्याच्या मुठी आवळल्या. काकू मान खाली घालून उभ्या राहिल्या. काकूंनी बोलावलेला सुतार एव्हाना आत काच काढायला लागला होता, आणि भाडेकरू रागाने तिकडेच बघत राहिला.

"डॉक्टर," पोरीने चाचरत विचारलं, "मग आरशात कोणीच नव्हतं? मी वेडी नाही?"

"कोणी नव्हतं. तुम्ही वेड्याही नाही."

ती उठली आणि सासूसमोर जाऊन उभी राहिली. "आई, माझी मुलगी द्या."

सासूने नातीला तिच्या हातात दिलं, पण हात मागे घेतले नाहीत. "बाबा म्हणाले, बरळायला लागली की झाडूने मारा, मार बाईला लागतो, सुनेला नाही. मी मारलं गं. दार लावून मारलं. तू ओरडायचीस, तर मला वाटायचं बाईच ओरडतेय."

"मीच ओरडत होते, आई," सून म्हणाली.

अंगणातली माणसं खाली बघू लागली. मंडळी, भूत खोटं असतं, पण त्याच्या नावाने दिलेला मार दर वेळी कोणा जित्याजागत्या माणसाच्या अंगावर पडतो. घरात कोणी आजारी पडलं तर मांत्रिकाआधी डॉक्टरला बोलवा, आणि घरात काय बदललं, काय बंद झालं, ते स्वतः तपासा. आणि कोणी सांगितलं की मार दुसऱ्यालाच लागतोय, तर हात उगारण्याआधी जिला मारताय तिला एकदा विचारा.