बसण्याएवढी जागा

जनरल हंबीरराव निवृत्त होऊन उचगावात आले, तेव्हा गावानं त्यांना ट्रॅक्टरवरनं मिरवलं. छातीवर पदकांची रांग. कुठल्या मोहिमेचं कुठलं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी कमांडोंची मोहीम सरकारच्या लेखी झालेलीच नसते. आणि जी झालीच नाही, त्यात मेलेला पोरगा तरी मेला कुठं?

गावातल्या जंगमाचा शिवय्या असाच चौऱ्याण्णवपासून 'बेपत्ता' होता.

सरहद्द ओलांडायच्या आधी हुकूम हंबीररावांनीच सोडलेला. अंगावर ओळखीची खूण नको. शिवय्या गळ्यातलं इष्टलिंग काढेना.

"सायेब, हे जित्यापणी उतरवत न्हाईत."

"ताईत तर हाय रं. परत आलास की घाल."

हंबीररावांसारख्या मराठ्याला तो ताईतच. शिवय्यानं उतरवलं. पण लिंगपूजेशिवाय जेवायचं नाही हे घरचं वळण, ते काही उतरलं नाही. डोंगरातले सगळे दिवस तो अन्नाला शिवला नाही. परतीच्या चढावर कोसळला आणि गेला. गोळी नाही, काही नाही. प्रेत बर्फात टाकायचा हुकूमही हंबीररावांचाच. लिंग त्यांच्या खिशात राहिलं.

तेव्हापासून ते जेवायला बसले की समोर शिवय्या बसायचा. मांडी घालून, उपाशी. दिल्लीच्या मेजवानीत बसला, आज मिरवणुकीनंतर त्याच्या आईच्या सोप्यातही बसला.

"जेवा की सायेब," गंगव्वा म्हणाली. भाकरी निवत चालली होती.

हंबीररावांनी लिंग काढून तिच्या हातावर ठेवलं. म्हातारीनं अंगठ्यानं पुसून बघितलं.

"म्हंजे गेला."

"व्हय."

"जेवला हुता?"

त्यांनी उभ्या जन्मात वरच्यांना, खालच्यांना, पत्रकारांना गुळगुळीत उत्तरं दिली होती.

"न्हाय, अव्वा."

तिनं त्यांच्या समोरचं ताट उचलून बाजूला ठेवलं. कोपऱ्यातलं खोरं-कुदळ त्यांच्या हातात दिलं आणि पुढं चालू लागली, थेट लिंगायतांच्या रुद्रभूमीत.

"आमच्यात माणूस बसवून पुरत्यात. तळहातावर लिंग देऊन. माणूस तुम्ही आणला न्हाईसा. खड्डा तरी खणा."

त्यांनी वीतभर उकरलं आणि लिंगासाठी हात पुढं केला.

"एवढ्यात माझा पोरगा बसतोय व्हय?"

हंबीररावांनी पदकांचा कोट काढून बाभळीला अडकवला. खणत राहिले. तळहात फुटले. खड्डा गुडघ्याच्या वर गेला तेव्हा ती काठावरनं म्हणाली, "मांडी घालून बघा."

ते बसले. गार माती पाठीला लागली. डोकं वरच राहिलं होतं.

"त्यो तुमच्याहून उंच हुता," गंगव्वा म्हणाली. "खणा."