चिठ्ठीवर दोन माणसं

मंगळवारी शहाणा माणूस लांबच्या प्रवासाला निघत नाही, हे लिलियाच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. इटलीला कामाला बायका नेणाऱ्या व्हॅनवाल्याला मात्र हे शहाणपण रविवारी रात्री सुचलं. सोमवारी सकाळी दहाला लिलिया तास आटोपून सीमेअलीकडच्या याश शहरातल्या वसतिगृहात शिरली, तर दारावरच्या औरिका मावशीने खिडकीतूनच हाळी दिली.

"अगं ए मोल्दोवावाले! तुझ्या आईचा फोन आला होता, पोस्टातून. व्हॅन उद्या नाही, आजच. तीनला गावातून निघणार म्हणाली."

"आज? अहो, मी संध्याकाळच्या गाडीने जाणार होते!"

"मंगळवारी निघत नाहीत म्हणे. बरोबरच आहे त्यांचं. मागे माझा दीर मंगळवारी निघाला होता..."

दिराचं काय झालं ते ऐकायला लिलिया थांबली नाही. सकाळची बस गेली होती, रेल्वे संध्याकाळची. राहिला रस्ता.

आईला निरोप द्यायचा होता म्हणून ही घाई, असं कुणी म्हटलं तर ते अर्धंच खरं. सप्टेंबरात घरून निघताना लिलिया आईला बोलू नये ते बोलली होती. "परक्यांच्या म्हाताऱ्यांची उष्टीखरकटी काढायला जातेस ना? जा. गेलीस तर मी तुला आई म्हणायची नाही." आई, येवदोकिया, तेव्हा भोपळी मिरच्या भरत होती. तिने मान वर केली नाही, हातातली मिरची तेवढी भरली. त्यानंतर दोघींचं बोलणं नव्हतं. फोन आला तोही मावशीने घेतला. इटलीत राहायचे कागद होईपर्यंत बाईला परत येता येत नाही; शेजारची बाई गेली ती पाच वर्षांनी आली, तेव्हा तिच्या पोराने तिला ओळखलं नाही. लिलियाला एक शब्द परत घ्यायचा होता आणि त्यासाठी तीनच्या आत गाव गाठायचं होतं.

तशी ती रस्त्याला बिचकणारी नव्हे. याशला शिकायला आल्यापासून दोन वर्षं ती लिफ्ट मागतच हिंडली होती. बोगद्यांच्या डोंगरात गेली, समुद्रावर गेली, एकदा तर मेंढ्यांच्या ट्रकमधून परीक्षेला गेली आणि पासही झाली. रस्त्याचे कायदे तिला पाठ होते. शेवटच्या पेट्रोल पंपापुढे उभं राहायचं. जो मागून आला त्याने सगळ्यांच्या मागे उभं राहायचं, मध्ये घुसायचं नाही. हात वर करायचा नाही. खाली धरून, कुत्र्याला बस म्हणावं तसा हलवायचा. आणि गाडीवाला बोलला तर बोलायचं, नाही तर गप्प बसायचं.

साडेअकराला एका दूधवाल्याने तिला सीमेपर्यंत सोडलं. इथवर सगळं झकास झालं.

पुढे प्रूत नदी, नदीवर पूल, आणि पुलाच्या अलीकडे पोलीस. पूल केवढा, तर पलीकडच्या माणसाची टोपी ओळखावी एवढा. पण हा पूल पायी ओलांडायची बंदी. चाकं असतील तरच जायचं, मग ती कशाची का असेनात.

"साहेब, धावत जाते. दोन मिनिटं."

"धावत का, रांगत गेलीस तरी नाही," पोलीस म्हणाला. बिचारा चांगला होता, पण चांगल्या माणसाच्या हातात तरी काय असतं? "कुणाच्या तरी गाडीत बस, मी शिक्का मारतो."

कुणाच्या गाडीत? शहराबाहेर जे लोक हसत दार उघडतात तेच इथे काचा वर करतात. गेल्याच महिन्यात म्हणे कुणी अशीच एक गरीब चेहऱ्याची पोरगी घेतली आणि तिच्या पिशवीत चोरट्या औषधांच्या बाटल्या निघाल्या. गाडी अजून पोलिसांच्या आवारात गंजतेय. लिलियाने पिशवी उघडी धरली, पुस्तकं दाखवली, पासपोर्ट दाखवला. एका बाईने "देव तुझं भलं करो" म्हणून काच वर केली. देवाला कशाला मध्ये घालायचं ते कळलं नाही. एक वाजला. दीड वाजला. नदीपलीकडचं गवत दिसत होतं, आणि ती खांबासारखी उभी होती. तिला रडू आलं, आणि रडणारी पोरगी तर कुणी मुळीच घेत नाही.

दोनला एक जुनाट निळी मोटार आली. आत हारालांब काका नावाचे गृहस्थ. सत्तरीचे, डोक्यावर मेंढीच्या कातड्याची टोपी, मांडीवर बायकोचं औषध. त्यांनी स्वतःच काच खाली केली.

"काय गं पोरी, नवरा पळाला की काय?"

"आई जातेय हो काका. इटलीला. तीनला."

"ओत पिशवी."

तिने रस्त्यावरच पिशवी उलटी केली. काकांनी एकेक वही झटकून पाहिली, तिच्या शिळ्या पावाचा वास घेतला.

"माझ्या मागच्या सीटवर बस. पण सांगून ठेवतो. एकदा आत बसलीस की पलीकडे जाईपर्यंत बूड उचलायचं नाही."

अलीकडच्या नाक्यावर चिठ्ठी मिळाली. गाडीचा नंबर, आणि माणसं: दोन. ही चिठ्ठी पलीकडच्या नाक्यावर द्यायची, तिथे माणसं मोजतात. एक कमी भरलं की गाडीची सीटसुद्धा फाडून बघतात. काकांनी चिठ्ठी टोपीत खोचली.

पुलावर रांग होती. जाणाऱ्यांची एक, येणाऱ्यांची एक, मध्ये हातभर जागा. लिलिया घड्याळ बघत मनात हिशेब करत होती. पलीकडे अडीचला, मग चाळीस किलोमीटर. काका म्हणाले होते, "मीच सोडतो तुला, माझी म्हातारी अर्धा तास जास्त कण्हेल एवढंच." इटलीच्या व्हॅन नदीच्या खालच्या अंगाच्या दुसऱ्या पुलावरून जातात, वर्षानुवर्षं तशाच जातात. त्यामुळे समोरून रांगेत एक पांढरी व्हॅन सरकत आली तेव्हा तिने तिच्याकडे पाहिलंही नाही.

व्हॅन त्यांच्या मोटारीशेजारी येऊन थांबली. काचेआड डोक्याला हिरवा रुमाल बांधलेली बाई मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. येवदोकिया.

काखेत कळसा न् गावाला वळसा म्हणतात ते असं. लेकीला एकदा बघावं म्हणून आईने सगळी सकाळ व्हॅनवाल्याच्या मिनतवाऱ्या केल्या होत्या: वरच्या पुलाने चल, याशला वसतिगृहापाशी दहा मिनिटं थांब. तो कबूल झाला, तीनऐवजी एक वाजताच निघाला. लेकीला कळवायला ती पोस्टात धावली, तर पोस्ट जेवायला बंद.

"आई!" लिलिया ओरडली. आपल्या काचेचा दांडा फिरवायला गेली, तर तो निखळून हातात आला.

"तो तीन वर्षं तसाच आहे," काका ओशाळून म्हणाले.

व्हॅनच्या काचा तर उघडणाऱ्या नव्हत्याच. आई चटकन पुढे झाली, काचेला तिचं कपाळ लागलं. तिचे ओठ हलत होते. काही ऐकू येत नव्हतं. लिलियाने दाराची कडी धरली.

"पोरी, नको!" काकांनी मागे वळून तिचा दंड पकडला. "टोपीत दोन माणसं लिहिलीत. पाया पडतो तुझ्या. हे औषध आज पोचलं नाही तर..."

पुलाच्या टोकाचा शिपाई इकडेच बघत होता. लिलियाने कडी सोडली. मग तिने दोन्ही तळवे काचेवर ठेवले आणि जिवाच्या आकांताने ओरडायला लागली. "आई! आई! आई!" सप्टेंबरापासून अडकलेला शब्द, तो आता निघाला की थांबेना. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा तटतटल्या, मूठ काचेवर आपटत राहिली. त्या मोटारीत हारालांब काकांचे कान किटले. व्हॅनमध्ये कुणी काही ऐकलं नाही.

आईने गाठोडं उचलून दाखवलं. मग बोट याशच्या दिशेला केलं, एकदा, दोनदा. तिकडे थांबते. लिलियाने मान हलवली. येते, येते. व्हॅन सरकली. मागच्या गाडीने भोंगा वाजवला.

पुलावर गाडी वळवता येत नाही. मागेही घेता येत नाही. त्यांना पुढेच जावं लागलं, आपल्या नंबराने, माणसं मोजून. पलीकडे उतरल्यावर काकांनी टोपी काढून हातात धरली आणि याशकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीला स्वतः हात केला. "माझी भाची आहे हो. मी हिची पिशवी हुंगलीय!" पाऊण तासाने एका विटांच्या ट्रकवाल्याने तिला घेतलं. रांग होती तेवढीच होती.

ती वसतिगृहाशी पोचली तेव्हा साडेपाच वाजले होते. दारात व्हॅन नव्हती. औरिका मावशी बाहेर येऊन उभी होती, शाल गुंडाळून.

"आत्ता येतेस? अगं, पाऊण तास थांबली ती! व्हॅनवाल्याने भोंगा वाजवून सगळी इमारत गोळा केली. त्या बाकीच्या बायका शिव्या घालायला लागल्या. ती म्हणे, थांबा हो, माझी मुलगी मागून येतेय, मी पुलावर पाहिली तिला. शेवटी त्याने दंडाला धरून बसवलं."

मावशीने गाठोडं पुढे केलं. आत कोबीच्या रोट्या होत्या, गार झालेल्या, आणि भरलेल्या मिरच्यांची बरणी.

"पत्ता? पत्ता दिलाय का?"

"तिला तरी कुठे ठाऊक? तिथे पोचल्यावर म्हातारी मिळेल, मग पत्ता." मावशी जरा घुटमळली. "एक विचारू? जाताना ती मला सारखी विचारत होती. पुलावर तू काय ओरडत होतीस? म्हणाली, पोरगी अजून रागात आहे का हो? तोंड लाल करून, मुठी आपटत होती म्हणे."

लिलियाने गाठोडं छातीशी धरलं.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी काय सांगणार, बाळा?" मावशी म्हणाली. "मी कुठे होते पुलावर?"