धाकट्याचं घर

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला शहरातली घरं फक्त दारातून दिसतात. जिन्याजवळचं एखादं दार उघडं असतं, आतला सोफा, पडदे, फळांचं भांडं डोळ्यांत भरतं, तेवढ्यात कोणीतरी दार लावून घेतं. आपला लिफ्टवाला कित्येक वर्षं असा लोकांच्या मजल्यांवर वरखाली करत होता, आणि स्वतःच्या चार माणसांसाठी एक खोली आणि स्वयंपाकघर शोधताना त्याच्या नाकी नऊ आले होते. चार माणसं म्हणजे तो, हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करणारी त्याची बायको, मुलगी चिमी आणि आई.

भाडं जड जायचं ते होतंच. पण खरं घोडं पेंड खायचं ते आईपाशी. बायको आणि मुलीपर्यंत घरमालक गोड बोलायचे. म्हातारं माणूस म्हटलं की कोणाला जिन्याची काळजी वाटायची, कोणाला पाण्याची. एकाने तर तोंडावर सांगितलं, "उद्या काही बरंवाईट झालं, तर पुढचा भाडेकरू त्या खोलीत यायला बघत नाही हो." लिफ्टवाल्याने त्याला काय उत्तर दिलं? "बरं, येतो," म्हणाला आणि निघाला. गरजू माणसाला राग येतो तो असाच, घरी पोचल्यावर.

पुढे पुढे खोली बघायला जाताना आई कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी थांबू लागली. कल्पना तिचीच. "तुम्ही व्हा पुढे. एकदम म्हातारी दाखवली की माणूस बिचकतो," असं म्हणून वर हसायची. तिला कशाचंही हसू यायचं, हा तिचा गुण म्हणा नाहीतर खोड म्हणा.

अशीच एक जागा एकदा मिळता मिळता राहिली नाही, मिळाली. निवृत्त झालेली एक नर्सबाई वरच्या मजल्यावर एकटी राहायची आणि खालचा भाग भाड्याने द्यायची. समोर टायरचं दुकान, दिवसभर हवा भरायच्या यंत्राची धडधड, म्हणून भाडं आवाक्यातलं. खोलीत मात्र उजेड होता, आणि मागे कपडे वाळत घालायला हातभर जागा. लिफ्टवाल्याच्या बायकोने नळ सोडून बघितला आणि तिचा चेहराच उजळला.

"टाकी लहान आहे माझी," नर्सबाई म्हणाल्या. "तिघांच्या वर माणूस चालायचं नाही. मागच्यांनी दोन सांगून सहा भरले होते. तुम्ही किती?"

"तिघं," लिफ्टवाला बोलून गेला.

"आईवडील?"

"वडील नाहीत. आई धाकट्याकडे असते. येईल अधूनमधून."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. कुठला धाकटा आणि कसलं काय! हा आईचा एकुलता एक. पण शब्द तोंडातून गेला तो गेला, आणि नर्सबाईंनी किल्ली टेबलावर ठेवली.

औषधाच्या दुकानापाशी येऊन त्याने आईला सगळं सांगितलं, तेही जमिनीकडे बघत. "अरे वा," ती म्हणाली, "म्हणजे या वयात मला मुलगा झाला! आणि मी पाहुणी. बरंच झालं की, पाहुणीला कोणी भांडी घासायला लावत नाही."

लिफ्टवाल्याचा जीव भांड्यात पडला. तो मोठ्याने हसला. पुढे त्याला सगळ्यात जास्त वाईट वाटायचं ते त्या हसण्याचं.

पाहुणी व्हायचे नियम आईने स्वतःच ठरवले आणि काटेकोर पाळले. तिचं अंथरूण चिमीच्या अंथरुणात गुंडाळलेलं. कंगवा, कवळीची डबी, औषधं, टॉवेल, सगळं एका पिशवीत. जिन्यावर नर्सबाईंची पावलं वाजली की आई खुर्चीच्या कडेवर बसायची, पायात चप्पल, मांडीवर पिशवी. "निघतच होते बघा," म्हणायची आणि खरंच निघायची. नर्सबाई वर जाईपर्यंत जवळच्या बागेतल्या बाकावर बसून राहायची, थंडी असो की ऊन. चिमीला एकच उत्तर पढवलं होतं. आजी कधी आली? आत्ताच.

"पोरीला खोटं बोलायला शिकवतोय आपण," बायको म्हणायची.

"दुसरी जागा मिळेपर्यंत गं. मिळाली की संपलं."

आणि तो शोधतही होता. ज्या इमारतीत कामाला जाई तिथल्या पहारेकऱ्याला विचारी, लिफ्टचे दोर तपासता तपासता वरच्या बायकांना विचारी. पण त्याचा पगार पायी चालायचा आणि भाडी गाडीत बसून पुढे जायची. कुठे मेळ बसणार?

नर्सबाईंना गप्पांची हौस. धाकटा काय करतो, सून कशी आहे, असं त्या विचारत, आणि आईला कोरडं उत्तर देणं जन्मात जमलं नव्हतं. तिने धाकट्याला शाळेत चित्रकलेचा मास्तर केलं. त्याला गॅलरीचं घर दिलं, खिडकीशी स्वतःचा पलंग टाकला. धाकटी सून चहात साखर फार घालते अशी तक्रारही केली. जेवताना ती घरच्यांना बातम्या द्यायची, "आज धाकट्याने माझ्यासाठी वेताची खुर्ची आणली बरं का."

"माझ्यापेक्षा पगार जास्त दिसतोय त्याला."

"आहेच मुळी. नाक मात्र तुझ्यासारखंच, बसकं."

सगळे खो खो हसायचे. एकुलता एक होता तो अशा रीतीने थोरला झाला, आणि आई त्याला गमतीने तशीच हाक मारू लागली.

मग कधीतरी, नेमकं कधी ते कोणालाच सांगता येणार नाही, गंमत उतरणीला लागली. जिन्यावर कोणी नसतानाही आई पिशवी घेऊन बसू लागली. एकदा तिने कावरीबावरी होऊन विचारलं, "मी इथे कधी आले गं?" आणि चिमीने अभ्यासातून मान वर न करता सवयीने सांगितलं, "आत्ताच." बायकोच्या हातातलं ताट तसंच राहिलं. डॉक्टरने वयाकडे बोट दाखवलं आणि गोळ्या लिहून दिल्या.

एका संध्याकाळी आईने ताट बाजूला सारलं. "निघायला हवं. धाकटा वाट बघत असेल."

लिफ्टवाल्याला राहवलं नाही. "आई, धाकटा कोणी नाही. आपण बनवला तो, जागेसाठी."

आई त्याच्याकडे बघत राहिली. तिला खरंच लागलं होतं. "सख्ख्या भावाविषयी असं बोलू नये रे," ती म्हणाली.

त्यानंतरच्या महिन्यात ते घडलं. लिफ्टवाला एका इमारतीत लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरून काम करत होता. तिथे फोन लागत नाही. वर येऊन बघतो तर नर्सबाईंचे कितीतरी फोन येऊन गेलेले. ग्रीसने माखलेल्या कपड्यांनिशी तो घरी धावला, तर आई वरच्या मजल्यावर नर्सबाईंच्या पलंगावर झोपली होती आणि त्या शेजारी बसल्या होत्या.

"बसथांब्यावर सापडल्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "येईल त्या बसला विचारत होत्या, धाकट्याच्या घरी जाते का म्हणून. पत्ता मिळतो का ते बघायला मी पिशवी उघडली. कवळीची डबी, औषधं, टॉवेल. पाहुणी माणसं टॉवेल घेऊन हिंडत नाहीत हो. धाकट्याचा नंबर द्या मला."

"धाकटा नाही," लिफ्टवाला म्हणाला, आणि उभ्या उभ्या त्याने सगळं सांगून टाकलं. सांगताना तो रडला. आता जागा जाणार हे त्याला दिसत होतं, आणि त्याचंही त्याला काही वाटेनासं झालं होतं.

नर्सबाईंनी टॉवेलची घडी घालून तो परत पिशवीत ठेवला. "माझ्यामुळे बागेत बसत होत्या होय त्या? मला वाटायचं, किती फिरायची आवड आहे या बाईंना."

"तुम्हाला खरं सांगितलं असतं तर दिली असती जागा?"

"नसती दिली," त्या म्हणाल्या. "कशाला खोटं बोलू? तेव्हा नसती दिली." मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आता राहू दे त्यांना. टाकीचं बघू. हा पलंग खाली न्या, मला दुसरा आहे."

आईला जाग आल्यावर, लाँड्रीतून परतलेल्या बायकोने आणि त्याने मिळून पलंग खाली आणला आणि खिडकीशी लावला. बायकोने अंथरूण घातलं, औषधं उघड्यावर फळीवर मांडली. ज्याच्यासाठी इतका जीव आटवला ते एका दुपारीत झालं होतं. आई आता उजळ माथ्याने लेकाच्या घरात राहणार होती. पण ती पलंगाच्या कडेवर पाय खाली सोडून बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

लिफ्टवाला तिच्यासमोर खाली बसला. तिने त्याला निरखून बघितलं.

"धाकटाच ना तू?"

त्याने बायकोकडे बघितलं. तिने तोंड फिरवलं होतं.

"हो आई. धाकटाच."

आईचे खांदे सैल पडले. तिने पिशवी खाली ठेवू दिली, पाय वर घेऊ दिले. उशीवर डोकं टेकून तिने खोलीभर नजर फिरवली. "छान आहे घर तुझं," ती म्हणाली. मग तिने त्याचा ग्रीसने काळा झालेला हात धरला आणि त्याला जवळ ओढलं, जणू कोणी ऐकायला नको.

"थोरला भेटतो का रे तुला? बिचारा कधीचा जागा शोधतोय माझ्यासाठी. त्याला म्हणावं, लहान असली तरी चालेल, मी कुठेही पडून राहीन. मिळाली की तेवढं मला न्यायला ये."

"सांगतो," लिफ्टवाला म्हणाला.